मिठाच्या पोत्यांपलीकडचा रामदेवराव

सुमारे चाळीस वर्षे राज्य करूनही ज्याच्या नावाशी लोकांच्या मनात केवळ मिठाची पोती जोडली गेली, असा राजा मराठी मुलखात दुसरा झाला नाही. देवगिरीचा रामचंद्रदेव यादव, म्हणजेच आपल्या सर्वांच्या ओळखीचा रामदेवराव, हा तो राजा होय. शालेय इतिहासात त्याची आणि आपली भेट दोनदा होते. एकदा ज्ञानेश्वरांच्या काळातला राजा म्हणून आणि दुसऱ्यांदा अल्लाउद्दीन खिलजीने ज्याला बेसावध गाठले तो राजा म्हणून. पहिला उल्लेख एका ओळीत आटोपतो. दुसऱ्याची मात्र गोष्ट झाली आहे, आणि गोष्टीपुढे इतिहासाचे फारसे चालत नाही.

ही गोष्ट जिथे घडली तो किल्ला आजही उभा आहे. उभा म्हणजे भग्नावस्थेत. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, वेरूळच्या रस्त्याला लागले की अवघ्या पंधरा किलोमीटरवर एक एकाकी शंकूसारखा डोंगर दिसू लागतो. सुमारे सहाशे फूट उंचीच्या या डोंगराची खालची बाजू चहूकडून उभी तासून काढलेली आहे. पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक, त्यापलीकडे डोंगराच्या पोटातून वर चढणारा काळोखा भुयारी मार्ग, म्हणजे प्रसिद्ध ‘अंधारी’, आणि खाली मैदानात एकात एक गुंफलेले तट व दरवाजे. एकाच दरवाज्यातून आत जाऊन यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही आणि मोगल अशा सहा राजवटींचे अवशेष पाहता येतील, अशी ठिकाणे भारतात थोडीच असतील. यातील नेमका कोणता तट कोणाचा आणि कड्याचे तासकाम कोणाच्या काळात किती झाले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण हा डोंगर राजधानीसाठी निवडणारी नजर यादवांची, याविषयी मात्र दुमत नाही. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस, इ. स. ११८७च्या सुमारास, येथे आपली राजधानी वसविली. त्यापूर्वी सिन्नरच्या परिसरातून कारभार करणारे हे घराणे तोवर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. देवगिरीने त्यांना स्वतंत्र राजे केले.

भिल्लमाचा नातू सिंघण हा या घराण्यातला सर्वांत पराक्रमी राजा. त्याच्या दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. सिंघणानंतर त्याचा नातू कृष्ण, म्हणजे कन्हरदेव, गादीवर आला. इ. स. १२६१च्या सुमारास तो वारला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र वयाने लहान होता. साहजिकच सत्ता कृष्णाच्या धाकट्या भावाकडे, महादेवाकडे गेली. महादेवाने कोकणच्या शिलाहारांचे राज्य बुडविले. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावी जे वीरगळ आहेत आणि ज्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, ते याच युद्धाचे असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. लोकलच्या गर्दीतून रोज बोरिवलीला उतरणाऱ्या किती जणांना आपल्या शेजारी यादवांच्या इतिहासाचे एक पान उभे आहे याची कल्पना असेल, कोण जाणे.

महादेवाच्या मागे गादी पुतण्याकडे परत यावी, अशी अपेक्षा होती. पण महादेवाचा मुलगा अम्मण राजा झाला. येथे रामदेवरावाच्या आयुष्यातला पहिला नाट्यमय प्रसंग येतो, आणि तो अक्षरशः नाट्यच आहे. मध्ययुगीन साहित्यात जी हकीकत येते तिच्यानुसार, रामचंद्राने आपल्या विश्वासू साथीदारांना नटांचा वेश दिला. नाटक्यांचा ताफा म्हणून ही मंडळी देवगिरीवर शिरली. नव्या राजाला नाचगाण्याची आवड होती. खेळ पाहायला तो आनंदाने बसला. खेळ रंगात आला असताना नटांनी शस्त्रे काढली आणि अम्मण कैद झाला. पुढे त्याचे डोळे काढल्याचे सांगतात. तपशील किती खरे ते बाजूला ठेवू, इ. स. १२७१मध्ये रामचंद्राने चुलतभावाला दूर सारून गादी मिळविली, हे निश्चित आहे. ज्या किल्ल्यात कोणी तट चढून येऊ शकत नाही त्यात वेश पालटून शिरता येते, हे रामदेवरावाला स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होते. पंचवीस वर्षांनी दुसऱ्या कोणीतरी खोट्या बातम्यांच्या आडून त्याच्याच दाराशी यावे, हा दैवाचा खेळ विलक्षण म्हटला पाहिजे.

राज्य हाती आल्यावर हा राजा स्वस्थ बसला नाही. माळव्याच्या परमारांवर त्याने चढाई केली. दक्षिणेत होयसळांविरुद्ध त्याचा सेनापती साळुव टिक्कम थेट द्वारसमुद्रापर्यंत, म्हणजे आजच्या हळेबीडपर्यंत, जाऊन भिडला. राजधानी पडली नाही, त्याला मागे फिरावे लागले, परंतु लूट बरीच मिळाली. कोकणातल्या खेड आणि संगमेश्वरच्या सरदारांनाही त्याने वठणीवर आणले. इ. स. १३१०चा पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट या विजयांची मोठी यादी देतो. वाराणसीतून म्लेंच्छांना हुसकावून लावल्याचा दावाही त्यात आहे. बीड जिल्ह्यात गोदाकाठी सापडलेल्या या ताम्रपटातला प्रत्येक शब्द खरा मानण्याचे कारण नाही. राजप्रशस्तीचे लेखक हात आखडून लिहीत नसत. तरीही रामदेवराव लढाईला घाबरणारा, केवळ महालात रमणारा राजा होता, ही प्रचलित समजूत त्यामुळे पुसून टाकावी लागते. आपल्या कारकिर्दीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तो चहूबाजूंना फौजा पाठवीत होता. कदाचित हेच त्याचे दुखणे ठरले. त्याच्या फौजा नेहमी कुठेतरी दूर असत.

या काळाचे खरे वैभव मात्र तलवारीत नव्हते. त्याचा श्रीकरणाधिप, म्हणजे सर्व राजपत्रांचा प्रमुख, हेमाद्री उर्फ हेमाडपंत होता. महादेवाच्या काळापासून चालत आलेला हा प्रधान ‘चतुर्वर्गचिंतामणी’सारखा धर्मशास्त्राचा अफाट ग्रंथ सिद्ध करतो, ‘अष्टांगहृदया’वर टीका लिहितो, आणि लोकपरंपरा तर मोडी लिपीपासून बाजरीपर्यंत सगळ्याचे श्रेय त्यालाच देते. चुन्याशिवाय रचलेली दगडी देवळे दिसली की आपण ती हेमाडपंती म्हणून मोकळे होतो; त्यातली कित्येक त्याच्या आधीची आहेत, हा भाग वेगळा. त्याच्याच आश्रयाने बोपदेवाने ‘मुग्धबोध’ हे व्याकरण लिहिले. पंढरपुरात ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या लेखात, इ. स. १२७३ ते १२७७ या वर्षांत विठ्ठलाच्या देवळाला देणगी देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात हेमाडपंतांचे नाव आहे आणि खुद्द रामचंद्रदेवाचेही आहे. राजा आणि सामान्य भाविक एकाच शिळेवर, एकाच यादीत! वारकरी परंपरेच्या या दगडी नोंदवहीइतका बोलका पुरावा त्या काळाचा दुसरा नाही.

मराठी भाषेचे तर ते पहिले भरभराटीचे पर्व होते. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ याच राजवटीतले. ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९०मध्ये, भगवद्गीतेवरील आपली टीका पूर्ण केली, तेव्हा ग्रंथाच्या शेवटी स्थळकाळ नोंदविताना न्यायाने पृथ्वीचे पालन करणारा यदुवंशीय राजा म्हणून त्यांनी श्रीरामचंद्राचा उल्लेख केला. ज्या कुटुंबाला समाजाने वाळीत टाकले होते त्या कुटुंबातील तरुणाने राजाविषयी चांगला शब्द लिहिला, याला महत्त्व आहे. त्यापासून त्याला काही मिळवायचे नव्हते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महानुभाव परंपरेच्या आठवणींत रामदेवराव आणि हेमाद्री यांच्याविषयी कडवटपणा आहे, कारण चक्रधर स्वामींच्या छळाचा दोष ती परंपरा या दरबाराला देते.

त्याच परंपरेत कवी नरेंद्राची एक सुरेख कथा जतन झाली आहे. नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे काव्य रामदेवरावाच्या दरबारात वाचून दाखविले. राजा इतका लुब्ध झाला, की काव्यावर आपले नाव घालावे म्हणून त्याने ओवीमागे एक सोन्याचे नाणे देऊ केले. नरेंद्राने नकार दिला. तसे केले तर कवींच्या कुळाला बट्टा लागेल, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो निघून गेला आणि पुढे महानुभाव पंथात गेला. कथा नरेंद्राच्या गौरवासाठी सांगितली जाते आणि ते रास्तच आहे. पण तिच्यात राजाचीही एक छबी आहे. त्याला मराठी काव्याची किंमत कळत होती, ती तो सोन्यात मोजत होता, आणि नकार देणाऱ्या कवीचे त्याने मस्तक मारले नाही. त्या शतकात ही तिसरी गोष्ट काही किरकोळ नव्हती.

सोने हा मात्र या राज्याचा मोठेपणाही होता आणि घातही. कमळाची मुद्रा असलेले यादवांचे सोन्याचे पद्मटंक आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. दख्खनच्या वाटेवरचा व्यापार, किनाऱ्यावरची बंदरे आणि दोन शतकांच्या लुटीचा संचय देवगिरीच्या कोठारात साठला होता. त्याची वार्ता विदिशेला पोहोचली, आणि तेथे ती एका महत्त्वाकांक्षी तरुणाच्या कानी पडली. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन खिलजी याचा पुतण्या आणि जावई अली गुर्शास्प, म्हणजेच पुढचा अल्लाउद्दीन, तेव्हा प्रयागजवळच्या कडा प्रांताचा सुभेदार होता. इ. स. १२९३च्या सुमारास विदिशेवर घातलेल्या धाडीत त्याला दक्षिणेतल्या या राज्याची माहिती मिळाली. काकाला त्याने काहीच कळू दिले नाही. चंदेरीच्या बाजूला मोहिमेवर जातो असे भासवून इ. स. १२९६च्या फेब्रुवारीत तो कड्याहून निघाला, विंध्य ओलांडून अचलपूरला आला, आणि वाटेत अशी आवई उठवली, की सुलतानावर रुसलेला हा सरदार राजमहेंद्रीच्या राजाकडे नोकरीला चालला आहे. त्याच्याजवळ किती घोडदळ होते याचे आकडे तीन-चार हजारांपासून आठ हजारांपर्यंत निरनिराळे मिळतात. एका साम्राज्याला जिंकण्याची ती फौज नव्हतीच. ती धाड होती.

वाटेत त्याला अडविणारे कोणीच नव्हते असे नाही. लासूरच्या घाटात कान्हा नावाच्या यादव अधिकाऱ्याने त्याला रोखले. इसामी सांगतो, की या लढाईत दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या आणि त्यांनी तुर्कांच्या फौजेला मागे रेटले. हा इसामी लहानपणी महंमद तुघलकाच्या हुकमाने दिल्ली सोडून देवगिरीस आणला गेला आणि येथेच त्याने इ. स. १३५०मध्ये आपला इतिहास-काव्यग्रंथ पुरा केला. शत्रुपक्षाच्या लेखकाने नोंदविलेल्या या दोन वीरांगनांची नावे त्याने दिली नाहीत. आपणही त्यांचे स्मारक कुठे केलेले नाही.

अखेर कान्हा हरला आणि अल्लाउद्दीन देवगिरीपुढे येऊन ठाकला. रामदेवरावाची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. हाताशी असलेल्या थोड्या सैन्यानिशी त्याने मुकाबला केला आणि मग किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. खाली शहर लुटले गेले. व्यापारी आणि सावकार पकडले गेले. राजाच्या पागेतले घोडे आणि हत्तीही गेले. त्याच वेळी दिल्लीहून वीस हजारांची मोठी फौज मागून येत आहे, अशी अफवा अल्लाउद्दीनने पसरवली. आणि मग ती पोती. फरिश्ता या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या इतिहासकाराने दिलेली हकीकत अशी, की कोकणातून मीठ घेऊन आलेले व्यापारी धामधुमीत आपला माल किल्ल्याजवळ टाकून पळाले होते. शिबंदीने ती पोती धान्याची समजून घाईघाईने वर नेली. वेढा चालू असताना पोती उघडली, तेव्हा आत मीठ निघाले.

या कथेकडे जरा थांबून पाहावे. ती घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिली गेली आहे, हे खरे. तथापि तिच्यात एक कठोर सत्य आहे. देवगिरीचा कातळ कोणी चढू शकत नव्हते. पण कातळ खाता येत नाही. किल्ला म्हणजे तट आणि खंदक नव्हे. कोठार, पाणी आणि हेर ही त्याची खरी अंगे. शहर आणि किल्ला यांतली सगळी व्यवस्था शांततेच्या सवयीची झाली होती. उत्तरेकडून इतकी मोठी घोडदौड येत आहे याचा सुगावा राजधानीला शेवटच्या क्षणापर्यंत लागला नाही, ही खरी शरमेची बाब होय. मिठाची पोती हा तिचा परिणाम. मराठी लोकमानसाने मात्र परिणामालाच कारण मानले, कारण पोत्यांची गोष्ट सांगायला सोपी आहे.

रामदेवरावाने तह केला. तो जवळजवळ पुरा होतो तोच शंकरदेव सैन्यासह परतला. वडिलांचा निरोप झुगारून त्याने लढाई दिली, आणि ती तो जिंकतही आला होता. इतक्यात किल्ल्यावर नजर ठेवण्यासाठी मागे ठेवलेला नुसरतखान हजारभर स्वारांसह धूळ उडवीत रणांगणावर आला. यादव सैन्याला वाटले, दिल्लीची ती वीस हजारांची फौज आली. अफवेने तलवारीचे काम केले आणि सैन्य फुटले. यानंतरचा तह अर्थातच अधिक जड झाला. सहाशे मण सोने, हजार मण चांदी, मणांनी मोती व रत्ने आणि चार हजार रेशमी वस्त्रे, असा फरिश्त्याचा आकडा आहे. त्यातला अतिशयोक्तीचा भाग वगळला तरी रक्कम प्रचंडच होती. शिवाय अचलपूर प्रांताचे उत्पन्न दरवर्षी द्यायचे ठरले. हा सारा प्रकार अवघ्या पंचवीस दिवसांत आटोपला.

या सोन्याचे पुढे काय झाले? कड्याला परतल्यावर त्याच वर्षीच्या जुलैत अल्लाउद्दीनने भेटीला आलेल्या काकाचा खून करविला आणि दिल्लीकडे कूच केले. बरनी हा इतिहासकार सांगतो, की वाटेत प्रत्येक मुक्कामाला सोन्याच्या चांदण्या छोट्या यंत्राने जमावावर उधळल्या जात आणि लोक त्या वेचायला धावत. सरदारांना तर तोलून सोने मिळाले. दिल्लीचे तख्त एका अर्थाने देवगिरीच्या पैशाने विकत घेतले गेले. रामदेवराव केवळ हरला नाही. त्याच्या पराभवाने उत्तर हिंदुस्थानचा पुढचा वीस वर्षांचा इतिहास ठरला.

येथून त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध सुरू होतो आणि तोच समजायला सर्वांत कठीण आहे. इ. स. १२९६ ते १३०७ ही अकरा वर्षे त्याला मिळाली होती. या काळात अल्लाउद्दीन मंगोलांच्या स्वाऱ्यांशी आणि राजपुतान्यातल्या किल्ल्यांशी झुंजत होता. शेजारच्या वरंगळच्या काकतीयांशी, द्वारसमुद्राच्या होयसळांशी हातमिळवणी करून उत्तरेची वाट अडवावी, असा प्रयत्न रामदेवरावाने केल्याचे दिसत नाही. दोष द्यायचाच तर मिठाच्या पोत्यांपेक्षा या अकरा वर्षांचा द्यावा. पण तसा तो एकट्या रामदेवरावाच्या पदरात घालता येणार नाही. शेजाऱ्यांनाही तेवढीच अक्कल सुचायला हवी होती, आणि तीही सुचली नाही.

ठरलेली खंडणी दोन-तीन वर्षे थकली. त्यातच गुजरातचा पदच्युत राजा कर्ण वाघेला याला बागलाणात आसरा मिळाला. कर्णाची राणी कमलादेवी आधीच अल्लाउद्दीनच्या जनानखान्यात होती. मुलगी देवलदेवी बापाजवळ होती आणि शंकरदेवाशी तिचा विवाह ठरला होता, असे सांगतात. तिला देवगिरीला नेत असताना वेरूळची लेणी पाहायला निघालेल्या खिलजी सैनिकांशी तिच्या पथकाची अवचित गाठ पडली आणि ती पकडली गेली, ही फरिश्त्याची कथा. पुढे दिल्लीत शहाजादा खिज्रखान तिच्या प्रेमात पडला आणि अमीर खुस्रोने त्या दोघांवर प्रेमकाव्य लिहिले. लेणी पाहण्याच्या हौसेपायी एका राजकन्येचे आयुष्य पालटले, ही कल्पनाच मोठी अस्वस्थ करणारी आहे.

इ. स. १३०७च्या सुमारास मलिक काफूर देवगिरीवर चालून आला. इसामीच्या म्हणण्याप्रमाणे, खंडणी बंद करण्याचा आग्रह मुलाचा होता, आणि आपण त्यात नाही असा गुप्त निरोप रामदेवरावाने स्वतःच सुलतानाला धाडला होता. हे खरे असेल, तर त्या महालात बाप आणि मुलगा यांच्यात काय चालले असेल याची कल्पना करवत नाही. एकाला सिंघणाचे स्वातंत्र्य हवे होते. दुसऱ्याला डोळ्यांपुढे पाहिलेली लूट पुन्हा नको होती. फौज हरली आणि रामदेवरावाला दिल्लीला नेण्यात आले. तेथे मात्र अपेक्षेच्या उलट घडले. सुलतानाने त्याला सन्मानाने वागविले, ‘रायरायान’ हा किताब, सोन्याचे एक लक्ष टंके आणि छत्र देऊन सुमारे सहा महिन्यांनी परत पाठविले. यामागे दया नव्हती, हिशेब होता. दक्षिणेत उतरायला अल्लाउद्दीनला एक भरवशाची पायरी हवी होती.

रामदेवराव तशी पायरी झाला. इ. स. १३०९मध्ये वरंगळवर जाणाऱ्या काफूरच्या फौजेला त्याने रसद दिली. इ. स. १३११मध्ये द्वारसमुद्राच्या मोहिमेसाठी काफूर देवगिरीला आला, तेव्हा शहर शृंगारले होते, बाजार खुला होता, आणि पुढची वाट दाखवायला यादवांचा सरहद्दीवरचा अधिकारी परशुराम दळवे सज्ज होता. तरुणपणी आपल्या सेनापतीला जे द्वारसमुद्र जिंकता आले नव्हते, तेथे दुसऱ्याच्या फौजेला पोहोचवायला म्हातारपणी रामदेवराव मदत करीत होता. विजयांची यादी देणारा तो पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट याच दोन मोहिमांच्या दरम्यान कोरला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातल्या मोठमोठ्या बिरुदांचा अर्थ निराळाच वाटू लागतो.

त्याच्या निष्ठेवर कठोर शब्द लिहिणे आज सोपे आहे. प्रस्तुत लेखकाला तसे लिहावेसे वाटत नाही. तो शब्दाला जागला, असे त्याच्याच शत्रूंचे इतिहासकार म्हणतात. आणि तो जिवंत होता तोवर देवगिरीवर पुन्हा लूट झाली नाही, हेही खरे आहे. पण त्या शांततेची किंमत वरंगळ आणि द्वारसमुद्राने मोजली.

इ. स. १३११च्या सुमारास तो वारला आणि त्याच्यामागे सारे भराभर कोसळले. शंकरदेवाने खंडणी नाकारली, इ. स. १३१३मध्ये काफूरने त्याला ठार केले. अल्लाउद्दीनच्या मृत्यूनंतरच्या गोंधळात रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याने बंड केले. इ. स. १३१८मध्ये सुलतान कुतुबुद्दीन मुबारक स्वतः आला, हरपाळदेव पकडला गेला, आणि त्याची जी हत्या झाली तिचे वर्णन न करणेच बरे. त्याच वर्षी किल्ल्यात देवळांचे खांब वापरून मोठी मशीद उभी राहिली. इ. स. १९४८नंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसविली गेली असून आता ती वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते.

या कोसळण्याच्या मध्येच इतिहासाने एक अजब गोष्ट करून ठेवली आहे, जिची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. रामदेवरावाची एक मुलगी अल्लाउद्दीनला दिली गेली होती. इसामी तिचे नाव झत्यपाली असे देतो. तिला झालेला मुलगा शिहाबुद्दीन उमर. इ. स. १३१६च्या जानेवारीत अल्लाउद्दीन मेला, तेव्हा मलिक काफूरने सत्ता आपल्या हाती राहावी म्हणून याच पाच-सहा वर्षांच्या पोराला दिल्लीच्या तख्तावर बसविले. म्हणजे देवगिरीच्या यादवाचा दौहित्र काही आठवडे हिंदुस्थानचा सुलतान होता! काफूर महिनाभरात मारला गेला. सावत्र भाऊ मुबारक याने पोराला पदच्युत करून त्याचे डोळे काढविले आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठविले. तेथेच पुढे त्याचा अंत झाला. आजोबांच्या राज्याची सुरुवात एका आप्ताच्या डोळ्यांनी झाल्याचे सांगतात; नातवाची कारकीर्द स्वतःचे डोळे गमावून संपली.

लोकांनी मात्र या मुलीला निराळा शेवट दिला. उत्तरेत नारायणदासाने रचलेल्या ‘छिताई वार्ता’ या काव्यात देवगिरीची राजकन्या छिताई अल्लाउद्दीनच्या हाती लागते आणि तिचा पती, द्वारसमुद्राचा राजपुत्र, जोगी होऊन वीणा वाजवीत तिच्या शोधात दिल्लीला पोहोचतो. त्याच्या वादनाने प्रसन्न झालेला सुलतान तिला त्याच्या स्वाधीन करतो. देवगिरीचा गायक गोपाळ नायक याचीही अशीच दंतकथा आहे. दिल्लीच्या दरबारात त्याचे गाणे अमीर खुस्रोने सिंहासनाखाली लपून सहा दिवस ऐकले आणि सातव्या दिवशी जसेच्या तसे गाऊन दाखविले, असे गवयांच्या घराण्यांत सांगत आले आहेत. शार्ङ्गदेवाच्या गावाची स्मृती उत्तरेने वीणेत आणि गाण्यात जपली. आपण ती मिठात जपली.

किल्ल्याचे दिवस मात्र संपले नव्हते. इ. स. १३२७मध्ये महंमद तुघलकाने दिल्ली सोडून येथे राजधानी आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. इब्न बतूता या किल्ल्याच्या कैदखान्यात मांजरांहून मोठे उंदीर असल्याचे लिहितो. बहमनी काळात चाँदमिनार उभा राहिला. निजामशाहीच्या अखेरच्या वर्षांत येथेच, इ. स. १६२९च्या जुलैत, सिंदखेडचे लखुजी जाधवराव दरबारात बोलावून मुलांसह कापले गेले. हे जाधवराव आपली वंशावळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेत. चार वर्षांनी, इ. स. १६३३मध्ये, महाबतखानाच्या वेढ्यात किल्ला मोगलांकडे गेला, तेव्हाही आतल्या लोकांना तटापेक्षा उपासमारीने अधिक छळले होते. लखुजींची कन्या जिजाबाई त्या वेळी शिवनेरी आणि पुण्याच्या परिसरात आपल्या तीन वर्षांच्या मुलाला वाढवीत होत्या.